पाण्याची गाडी आली, मागोमाग बिलही आले

गावात टँकर येतो तेव्हा काय दिसते, हे तुम्हाला सांगायला नको. हंडे, कळश्या, ड्रम, आणि कोणाचा नंबर आधी यावरून कावकाव. टँकर रिकामा झाला की ड्रायव्हर एक वही पुढे करतो. सरपंच नाही तर ग्रामसेवक तिच्यावर सही ठोकतात आणि गाडी धुरळा उडवीत निघून जाते. त्या सहीकडे फारसे कोणी बघत नाही. पण वाचकहो, टँकरच्या सगळ्या कारभारात ती सहीच महत्त्वाची. खेप खरोखर आली का, टाकी भरलेली होती का, पाणी कुठे ओतले, हे सगळे त्या एका सहीने खरे ठरते आणि तिच्यावरच पुढे बिल निघते.

हीच गोष्ट दहा हजार लिटरच्या टँकरऐवजी पंचवीस लाख लिटरच्या रेल्वेगाडीची झाली तर? वही कोणी पुढे करायची, सही कोणी करायची आणि पैसे कोणी मोजायचे? हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात, लातूरला, २०१६ साली उभा राहिला होता. त्यातून तुमच्या-आमच्या ग्रामपंचायतीने शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून आज त्याची उजळणी करू.

लातूरची तहान

२०१६ चा उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. पाठोपाठ पावसाने दगा दिलेला. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. नळाला पाणी यायचे दिवस लांबत गेले आणि शेवटी शहर टँकरवर आले. पाण्याच्या टाक्यांपाशी आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जिल्हा प्रशासनाला मार्च महिन्यात १४४ कलम लावावे लागले. दंगलीसाठी लावायचे कलम पाण्यासाठी लागले, यावरून काय ते ओळखा.

शेवटी रेल्वेने पाणी आणायचे ठरले. पाणी मिरजेचे, म्हणजे कृष्णेचे. मिरजेत रेल्वेची स्वतःची पाणीयोजना आहे, तिचा इथे उपयोग झाला. टाकीचे डबे राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यातून धुऊन, साफ करून आणले. ११ एप्रिल २०१६ रोजी दहा डब्यांची पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आठवडाभरानंतर पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. लोकांनी गाडीला हार घातले, नारळ फोडले. या गाडीचे नाव ‘जलदूत’.

आता जरा हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. पंचवीस लाख लिटर सगळ्यांना सारखे वाटले, तर माणशी साडेसहा लिटर. एक कळशीसुद्धा भरत नाही. पण ज्या घरात प्यायला घोटभर नाही, तिथे साडेसहा लिटर म्हणजे काय, हे तुम्ही जाणता.

ही गाडी ज्या रुळांवरून धावली, त्यांचीही एक कथा आहे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर हा मार्ग म्हणजे बहुतांशी जुनी बार्शी लाईट रेल्वे. अडीच फुटांची अरुंद लाईन. जुन्या माणसांना तिची डुगडुगती गाडी आठवत असेल. २००० नंतरच्या दशकात हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. तो झाला नसता, तर पन्नास मोठ्या टाक्यांची गाडी मिरजेहून थेट लातूरला आणताच आली नसती. सांगायचा मुद्दा असा की, पाणी वाहून नेण्याच्या भाड्यात नुसते डिझेल नसते. रूळ, डबे, इंजिन, माणसे या सगळ्यांवर आधी झालेला खर्च त्यात असतो.

आणि मग बिल आले

गाडी सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, मे महिन्यात, मध्य रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे बिल पाठवले. सव्वासहा कोटी लिटरच्या आसपास पाणी पोहोचवल्याचे सुमारे चार कोटी रुपये. बातमी बाहेर पडली आणि एकच गदारोळ झाला. तहानलेल्याला पाणी पाजून वर पैसे मागता, ही माणुसकी का, असा सूर निघाला. रेल्वेचे म्हणणे असे होते की, बिल जिल्हा प्रशासनानेच मागितले म्हणून पाठवले. ते भरायचे की माफीची विनंती करायची, हे प्रशासनाने ठरवावे.

वाचकहो, रागावण्याआधी इथे थोडे थांबा. जिल्हा प्रशासनाने बिल का मागितले असेल? ज्याने सरकारी दफ्तर सांभाळले आहे त्याला हे चटकन उमगेल. टंचाईचा पैसा खर्ची टाकायचा तर कागद लागतो. उद्या ऑडिट आले आणि त्याने विचारले की, इतके पाणी आले कुठून, किती आले, कोणत्या दराने आले, तर उत्तरादाखल काहीतरी हातात हवे. बिल म्हणजे नुसती मागणी नव्हे, बिल म्हणजे नोंदही असते. दिलेले पाणी आणि घेतलेले पाणी यांचा मेळ घालणारा तो कागद असतो.

आणि माफीचे म्हणाल, तर माफी मिळाली म्हणून खर्च काही हवेत विरत नाही. तो एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो, इतकेच. जिल्ह्याने भरला नाही तर राज्याने भरायचा, राज्याने नाही तर रेल्वेने सोसायचा. रेल्वेने सोसला म्हणजे शेवटी तिकीट काढणाऱ्याने आणि कर भरणाऱ्याने. आपत्तीत सरकारने हा भार उचलावा, यात दुमत नाही. तहानलेल्या माणसाकडून भाडे घेऊ नये. पण भार कोण उचलणार हे गाडी सुटण्याआधी ठरले आणि जाहीर झाले असते, तर महिन्याभराने बिल आले तेव्हा कोणी दचकले नसते. गोंधळ झाला तो बिलामुळे नव्हे. बिल कोणाच्या नावाचे, हे लोकांना आधी माहीत नव्हते, त्यामुळे झाला.

चार कोटींना सव्वासहा कोटींनी भागा. लिटरला साधारण चौसष्ट पैसे येतात. दहा हजार लिटरच्या टँकरला हा दर लावला, तर साडेसहा हजारांच्या आत-बाहेर. शिवाय हे झाले फक्त मिरज ते लातूर स्टेशन. पुढे गाडी रिकामी करून पाणी स्टेशनाजवळच्या विहिरीत सोडायचे, तिथून उपसायचे, शुद्ध करायचे आणि टँकरने गल्लोगल्ली न्यायचे. हा खर्च वेगळा. मिरजेला पाणी उपसून, शुद्ध करून डब्यांत भरायचे, तो खर्चही आहेच. पाण्याची एक घागर तुमच्या दारात येईपर्यंत किती हात लागतात आणि प्रत्येक हाताची मजुरी कोणीतरी देतोच, हे यावरून ध्यानात येईल.

चेन्नईने काय केले

तीन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, चेन्नई शहरावर हीच पाळी आली. शहराला पाणी देणारे तलाव आटले. तिथे पाणीपुरवठ्याचे काम महानगर पाणीपुरवठा मंडळ पाहते. लोक त्याला मेट्रोवॉटर म्हणतात. राज्य सरकारने जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणायचे ठरवले आणि त्यासाठी आधीच ६५ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. रोज एक कोटी लिटर आणायचे उद्दिष्ट ठेवले. एका खेपेचे भाडे सुमारे साडेसात लाख रुपये आणि ते मेट्रोवॉटरने रेल्वेला द्यायचे, हेही जाहीर झाले. १२ जुलै २०१९ रोजी पन्नास डब्यांची पहिली गाडी चेन्नईच्या विल्लिवाक्कम स्टेशनात दाखल झाली.

पंचवीस लाख लिटरला साडेसात लाख, म्हणजे लिटरला तीस पैसे. लातूरच्या निम्म्याहून कमी. पण ही तुलना सरळ करू नका. जोलारपेट्टईहून चेन्नई दोनशे किलोमीटरच्या थोडे पुढे, तर मिरजेहून लातूर साडेतीनशेच्या जवळ. मार्ग वेगळा, सोय वेगळी. तेव्हा कोण स्वस्त आणि कोण महाग हा मुद्दा नाही. मुद्दा असा की, तिथे घेणारा कोण, देणारा कोण, खेपेला किती आणि पैसा कुठल्या खात्यातून, हे गाडी हलण्याआधी ठरले होते. म्हणून बिल आले तेव्हा ती बातमी झाली नाही. बिल आले, भरले, संपले.

उलट बाजू : रेल्वे जेव्हा गिऱ्हाईक असते

आतापर्यंत रेल्वे पाणी देणारी होती. आता उलट बाजू पाहा. एरवी रेल्वे स्वतःच पाण्याची मोठी गिऱ्हाईक आहे. डबे धुवायला, गाड्यांत पाणी भरायला, फलाटावरच्या नळांना, कर्मचाऱ्यांच्या वसाहतींना पाणी लागतेच. पूर्वी वाफेच्या इंजिनांना तर ठराविक अंतरावर पाणी पाजावेच लागे. त्यासाठी रेल्वेने जागोजाग विहिरी, बंधारे, टाक्या बांधल्या. जिथे स्वतःची सोय नाही तिथे ती नगरपालिकेकडून किंवा पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेकडून पाणी घेते. आणि तिथेच हिशेबाचे वाद निघतात.

या वादाचे एक मूळ राज्यघटनेत आहे. २८५ व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातल्या स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही, संसदेने कायदा करून वेगळे ठरवले तर गोष्ट निराळी. आपल्या परभणी जिल्ह्यातले पूर्णा हे रेल्वेचे मोठे जंक्शन. तिथल्या नगरपालिकेने रेल्वेच्या मालमत्तेवर कर आकारला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ साली निकाल रेल्वेच्या बाजूने लागला. आता पालिकेच्या बाजूने विचार करा. गावातली मोठी जागा रेल्वेची आणि तिच्यावर घरपट्टी नाही. रस्ते, गटारी, दिवाबत्ती मात्र पालिकेने करायची. पालिकेची कुरकुर समजण्यासारखी आहे.

यावर मधला मार्ग निघाला तो राजकोटच्या निमित्ताने. योगायोग असा की, १९८६ च्या दुष्काळात याच राजकोटला गांधीनगरहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. राजकोट महापालिका आणि केंद्र सरकार यांच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर तोडगा ठरला. केंद्राच्या मालमत्तेवर मालमत्ताकर नाही, पण ज्या सेवा घेता त्यांचे सेवाशुल्क द्या. पालिकेच्या सगळ्या सेवा घेणाऱ्याने मालमत्ताकराच्या ७५ टक्के, काही सेवा घेणाऱ्याने ५० टक्के आणि सेवा न घेणाऱ्याने एक तृतीयांश, असे त्याचे टप्पे आहेत.

सरपंच-ग्रामसेवकांनी यातून घ्यायचे ते इतकेच : कर वेगळा आणि पाण्याचा मोबदला वेगळा. नमुना ८ वर स्टेशनची इमारत चढवून पट्टीची मागणी करायला जाल, तर २८५ वे कलम आडवे येईल. पण करार करून, मीटर लावून, मोजून पाणी दिले, तर ती विकलेल्या मालाची किंमत झाली. दुकानदाराकडून साखर घेतली तर केंद्र सरकारचे खातेसुद्धा पैसे देतेच की! म्हणून तुमच्या हद्दीत स्टेशन असेल आणि त्याला गावच्या योजनेतून पाणी जात असेल, तर ते पट्टीच्या गाठोड्यात बांधू नका. त्याचा वेगळा करार करा. शंका असेल तर आधी गटविकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या.

कृष्णेकाठचाच दुसरा धडा

लातूरला पाणी गेले ते मिरजेहून. त्याच मिरज तालुक्यात कृष्णेवर म्हैसाळ उपसा सिंचन योजना आहे. तिथल्या शेतकऱ्यांना विचारा, पाण्याचा हिशेब थकला की काय होते ते. नदीत पाणी आहे, पंप आहेत, कालवा आहे, आणि तरीही पिके वाळताहेत. का? तर विजेचे बिल थकले म्हणून पंप बंद. पाणीपट्टी वसूल झाली नाही म्हणून वीजबिल थकले आणि पाणी वेळेवर मिळाले नाही म्हणून शेतकऱ्याने पट्टी भरली नाही. कोंबडी आधी की अंडे आधी, तसला प्रकार. पुढे वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के भार पाणीपट्टीतून शेतकऱ्यांनी उचलायचा, असे सूत्र निघाले. चांगले की वाईट यावर मते असतील. पण कोणी किती द्यायचे हे एकदा ठरले, म्हणजे निदान भांडण तरी आकड्यावर येते.

लातूरची गाडी, चेन्नईची गाडी, पूर्ण्याचे स्टेशन आणि म्हैसाळचे पंप ही वरवर चार वेगळी प्रकरणे. आत शिरून पाहिले तर चौघांचे दुखणे एकच. पाणी सुरू करायची घाई सगळ्यांना असते, हिशेब ठरवायची घाई कोणालाच नसते.

तुमच्या गावापुरते काय करता येईल

रेल्वेने पाणी आणायची वेळ तुमच्या गावावर कदाचित येणार नाही. पण शेजारच्या गावाच्या विहिरीवरून टँकर भरणे, खासगी विहीर अधिग्रहित करणे, चार गावांची मिळून प्रादेशिक योजना चालवणे, स्टेशनला, साखर कारखान्याला किंवा शाळेला नळ देणे, हे तर नेहमीचेच. अशा प्रत्येक वेळी पुढच्या गोष्टी आधी कागदावर आणा.

पहिली गोष्ट, देणारा कोण आणि घेणारा कोण, हे नावानिशी लिहा. ‘प्रशासन’ किंवा ‘गाव’ असे मोघम नको. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जीवन प्राधिकरण, जे असेल ते स्पष्ट लिहा. बिल कोणाच्या नावाने निघेल, तेही तिथेच लिहा.

दुसरी, दर कशाचा ते फोड करून लिहा. पाण्याची किंमत वेगळी, उपशाची वीज वेगळी, वाहतूक वेगळी, शुद्धीकरण वेगळे. एकच गोळा आकडा लिहिला की पुढे कोणालाच काही कळत नाही.

तिसरी, माप दोन्ही टोकांना घ्या. भरताना किती आणि उतरताना किती. वाटेत जी गळती होईल ती कोणाच्या खाती, हे आधी ठरवा. मीटर बंद पडले तर त्या महिन्याची आकारणी कशी करायची, हेही लिहून ठेवा. निम्मे वाद बंद मीटरवरून होतात.

चौथी, ताळमेळ दर महिन्याला घाला. दोन्हीकडच्या वह्या समोरासमोर ठेवा, खेपा मोजा, सह्या करा. वर्षाच्या शेवटी बसलात, तर ना ड्रायव्हर सापडतो ना वही.

पाचवी, माफी मिळणार असेल तर ती लेखी घ्या. ‘साहेब म्हणाले होते’ हा पुरावा नव्हे. साहेबांची बदली होते, थकबाकीची होत नाही. ती नमुना ९ वर वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढली जाते.

सहावी, गावाची पाइपलाइन रेल्वेच्या रुळांखालून न्यायची असेल, तर योजनेचा आराखडा करतानाच रेल्वेची परवानगी, तिचे शुल्क आणि अटी विचारात घ्या. अलीकडे टाकी उभी, पलीकडे नळ तयार आणि मधे रुळांपाशी पाइप अडलेला, असे व्हायला नको.

आणि सातवी गोष्ट शेतकरी बंधूंसाठी. हे सगळे सरपंचाचे काम म्हणून सोडून देऊ नका. ग्रामसभेत उठून विचारा. आपली सामान्य पाणीपट्टी किती, विशेष पाणीपट्टी किती, वसुली किती झाली, योजनेचे वीजबिल किती आणि तूट कुठून भरली? प्रश्न विचारणारा गावात एक असला, तरी वह्या नीट राहतात.

लातूरला पुढे पाऊस झाला. २०१६ च्याच पावसाळ्यात मांजरा धरणात भरपूर पाणी आले आणि गाडीची गरज संपली. पाऊस पडला की माणूस उन्हाळा विसरतो, त्यात त्याचा दोष नाही. पण वही विसरू नये. पुढचा उन्हाळा येईल तेव्हा ड्रायव्हर पुन्हा तीच वही पुढे करील. त्या वेळी सही करण्याआधी तुम्ही टाकीत एकदा वाकून पाहिले आणि आकडा वाचला, तरी पुष्कळ झाले.